बटणांचा स्वस्त प्लेयर: यंत्र सात गुणांचं, बाकीचे तीन कार्डात

आगपेटीहून जरा लांबट डबी, मागे चिमटा, पुढे पाच-सहा बटणं आणि टपाल तिकिटाएवढा पडदा. इंटरनेट नाही, कॅमेरा नाही, बहुतेकांत ब्लूटूथसुद्धा नाही. एमपीथ्री प्लेयर नावाची ही चीज मोबाइलने कधीच गिळली असं समजणाऱ्यांना ती अजून विकत मिळते याचंच नवल वाटतं. ॲपलने मे २०२२मध्ये आयपॉड बंद केला तेव्हा या जातीचा मृत्युलेख लिहून झाला होता, पण तो श्रीमंत शाखेचा. चार-पाचशेपासून तीनेक हजारांपर्यंतची गरीब शाखा जिवंत आहे आणि गोव्यात तरी तिला काम आहे.

काम कसलं? गोव्यात गाणं ऐकणाऱ्यांइतकेच गाणं बसवणारे आहेत. गावोगाव भजनी मंडळं, श्रावणापासून चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, तालमी, कला अकादमीची भजन स्पर्धा, देवळाच्या उत्सवातलं संगीत नाटक. गवळणीतली एक ओळ नीट गळ्यात उतरवायची तर ती तीस-चाळीस वेळा मागे नेऊन ऐकावी लागते. मोबाइलवर हे करताना बोट पट्टीवर सरकवायचं, ते नेमक्या जागी कधी थांबत नाही, तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो. प्लेयरवर तेच काम न बघता, खिशात हात घालून, अंगठ्याने होतं. सत्तरी-सांगे-काणकोण तालुक्यांच्या आतल्या भागात रेंज असो-नसो, गाणं कार्डात आहे. कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, पाणी सोडताना किंवा फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभं असताना दोन हजारांची वस्तू पाण्यात पडली तर हळहळ होते, पण घरी सांगता येतं.

तर निकाल आधीच सांगून टाकायचा: यंत्राला दहापैकी सात. उरलेले तीन गुण कार्ड कसं भरलंय यावर मिळतात किंवा जातात. 'प्लेयर बेकार निघाला' अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच खरं म्हणजे कार्डाच्या असतात.

कुठला घ्यावा

चार-पाचशे रुपयांचे बिनपडद्याचे प्लेयर जुन्या आयपॉड शफलच्या ठेवणीचे असतात. वीस-पंचवीस गाण्यांना ठीक. त्यापुढे कुठलं गाणं कुठे आहे हे नशिबावर. काहींत चार्जिंगही इयरफोनच्या भोकातूनच, खास वायरने. वायर हरवली की डबी गेली. दुसऱ्या टोकाला स्पर्शपडद्याचे, ब्लूटूथवाले. आषाढात ओल्या बोटांनी स्पर्शपडदा वापरून बघा, मग बटणांची किंमत कळते.

मधला वर्ग घ्यावा: छोटा पडदा, खरी दाबायची बटणं, मायक्रोएसडी कार्डाची खाच, ३.५ मिलिमीटरचा जॅक, एफएम. या वर्गाचं माप म्हणून सॅनडिस्कचा २०१५चा क्लिप जॅम डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. आत ८ जीबी जागा, ३२ जीबीपर्यंतचं कार्ड, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १८ तासांची बॅटरी. समोरच्या प्लेयरचा कागद यापेक्षा फार वेगळं बोलत असेल, म्हणजे दोनशे तास बॅटरी वगैरे, तर दुकानातून बाहेर पडलेलं बरं. (वास्कोच्या दामोदर सप्ताहात अखंड भजन चोवीस तास चालतं. तेवढं एका चार्जिंगमध्ये वाजवू शकणारा प्लेयर या किमतीत मिळाला तर उत्तमच, पण खोक्यावरच्या आकड्यातून पाव भाग आधीच वजा करून ठेवा. आकडा कमी आवाजावर, पडदा बंद ठेवून काढलेला असतो.)

दुकानात पाच मिनिटं मागून घ्या. आपले इयरफोन आणि गाणी भरलेलं आपलं कार्ड सोबत न्या. इयरफोन लावून जॅक हलक्या हाताने गोल फिरवा. एका कानातला आवाज जात-येत असेल तर ती डबी नको, दुसरी मागा. गाणं थांबवून आवाज मोठा करा आणि पडद्यावर बटणांनी इकडेतिकडे फिरा. कानात किरकिर, टिकटिक ऐकू आली तर आतली जोडणी हलकी आहे, तंबोऱ्याच्या मंद सुरामागे ती सतत छळेल. पुढे-मागे जायचं बटण दाबून धरल्यावर गाणं वेगाने सरकतं की सरळ पुढच्या गाण्यावर उडी मारतं, हे पाहा. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आधीच्याच जागेवरून वाजतो का, तेही. तासाभराचं कीर्तन ऐकणाऱ्याला ही एक सोय बाकी सगळ्यांपेक्षा मोठी. आणि तालमीसाठी घेत असाल तर रिपीटच्या यादीत 'ए-बी', म्हणजे निवडलेला तुकडाच फिरवत राहायची सोय, आहे का ते उघडून खात्री करा. दुकानदाराच्या तोंडी 'आसा, आसा' (आहे, आहे) वर जाऊ नका.

बाहेरचं आवरण मऊ रबरासारखं असेल तर हातात छान वाटतं, पण गोव्याच्या हवेत ते घेऊ नये. त्या लेपातलं पॉलियुरेथेन दमटपणाने विघटतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत डबी गुळाच्या ढेपेसारखी चिकट होते. साधं कडक प्लॅस्टिक किंवा धातू बरा.

कार्ड

३२ जीबीचं कार्ड पुरे, आणि त्याला कारण आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट-३२ पद्धतीने आखलेली, म्हणजे फॉरमॅट केलेली, येतात, ती हे प्लेयर वाचतात. ६४ आणि त्यापुढची एक्सफॅटमध्ये येतात. स्वस्त प्लेयरला ती भाषा येत नाही, तो 'कार्ड नाही' म्हणतो आणि आपण कार्ड बदलायला पळतो. ६४चं कार्ड फॅट-३२मध्ये आखून काही प्लेयरांत चालतं, पण विंडोजची नेहमीची फॉरमॅटची चौकट ३२च्या पुढे तो पर्याय दाखवत नाही, रुफससारखा वेगळा प्रोग्राम लागतो.

३२ जीबीत बसतं किती? १९२ केबीपीएसला (सेकंदाला इतके किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) मिनिटाला साधारण १.४४ एमबी. म्हणजे जवळजवळ ३७० तास. ३२० केबीपीएस धरलं तर २२० तास. १९२ला भरून रोज दोन तास ऐकलं तरी सहा महिने गाणं परत येणार नाही, तेव्हा मोठ्या कार्डाचा हट्ट कशाला.

स्वस्तात मिळालेलं कार्ड खोटं असू शकतं: नाव ३२चं, आत ४ किंवा ८. त्याची खूण अशी की पहिली काही गाणी ठीक वाजतात, पुढची नावं दिसतात पण वाजत नाहीत. भरण्याआधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री हा मोफत प्रोग्राम चालवा. तो कार्ड शिगोशीग भरून परत वाचतो. वेळ खातो, पण एकदाच. 'पाच हजार गाणी भरलेलं' कार्ड तर मुळीच नको. त्यात गाणी बहुधा ६४ केबीपीएसला पिळलेली असतात, झांजांचा आवाज पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा येतो, चोरीचा माल असतो ते वेगळंच.

भरताना प्लेयर वायरीने जोडू नका, कार्ड काढून कार्डरीडरमध्ये घाला. बऱ्याच स्वस्त प्लेयरांचा यूएसबी जुन्या १२ मेगाबिटच्या वेगाचा असतो, सेकंदाला जेमतेम एक एमबी. ८ जीबीला सव्वादोन तास. आणि सोबत आलेली वायर कधीकधी फक्त चार्जिंगची असते, तिच्यातून गाणी जातच नाहीत.

भरण्याची रीत

खरं काम इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

पहिलं, फाइलचा प्रकार. एमपीथ्री सगळीकडे वाजतो. मोबाइलवर उतरवलेल्या एमफोरए, ओपस, एएसी फाइली काही प्लेयर घेतात, काही नुसत्या गाळून टाकतात. व्हॉट्सॲपवर बुवांनी पाठवलेली चाल याच जातीची असते. फ्रीएसी किंवा ऑडॅसिटी या प्रोग्रामने ती एमपीथ्री करून घ्या. संगीताला १९२, नुसत्या बोलण्याला किंवा कीर्तनाला एकपदरी, म्हणजे मोनो, ६४ पुरतं. बदलता बिटरेट टाळा, स्थिर ठेवा. बदलत्या बिटरेटच्या फाइलीत स्वस्त प्लेयरचा वेळेचा काटा चुकतो. तीस मिनिटांचं भजन तो बेचाळीस दाखवतो आणि पुढे सरकवलं की भलत्याच जागी उतरतो.

दुसरं, नावं. देवनागरी नावं या पडद्यांवर चौकोन होऊन दिसतात, किंवा अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. भाषेचा अभिमान बाजूला ठेवून फोल्डरची आणि फाइलींची नावं रोमन लिपीत द्यावीत, आखूड द्यावीत. पडद्यावर बारा-पंधरा अक्षरं मावतात, म्हणून सुरुवातीलाच वेगळेपण हवं. दहा फाइलींची नावं एकाच पंचवीस अक्षरी मंडळाच्या नावाने सुरू झाली तर सगळ्या सारख्याच दिसणार. फाइलीच्या पोटातली माहिती, म्हणजे टॅग, एमपीथ्रीटॅग या प्रोग्रामने आयडीथ्री २.३ या आवृत्तीत जतन करा, २.४ अनेकांना वाचता येत नाही. पोटातली चित्रं काढून टाका. मोठ्या चित्राने प्लेयर अडखळतो, क्वचित पूर्ण गोठतो.

तिसरं, क्रम. 'गाणी उलटसुलट वाजतात' ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बरेच प्लेयर नावाने क्रम लावत नाहीत. ज्या क्रमाने फाइली कार्डावर लिहिल्या गेल्या तोच क्रम धरतात. एकदम शंभर फाइली ओढून टाकल्या की संगणक आपल्या सोयीने लिहितो. उपाय दोन: नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालून एकेक फोल्डर ओळीने टाकणे, किंवा सगळं भरून झाल्यावर विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्सवर फॅटसॉर्ट चालवणे. भजनाचा क्रम ठरलेला असतो, शेवटची भैरवी मध्येच आणि सुरुवातीचा रूपाचा अभंग शेवटी आला तर ऐकणाराच उठून जाईल.

मॅकवर भरणाऱ्यांसाठी आणखी एक भानगड. मॅक प्रत्येक गाण्यासोबत टिंब-अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली फाइल टाकतो. प्लेयरला ती गाणंच वाटते, तो ती वाजवायला जातो आणि 'फाइल चुकीची' म्हणतो. टर्मिनलमध्ये डॉट-क्लीन (dot_clean) ही आज्ञा कार्डावर चालवली की भुतं जातात.

चौथं, आवाजाची पातळी. केरीच्या केसरबाई केरकरांच्या किंवा मंगेशीच्या दीनानाथांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेलं तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं हळू असतं. त्यामागून अलीकडचं भक्तिगीत आलं की कानठळ्या बसतात. एमपीथ्रीगेन हा जुना, मोफत प्रोग्राम सगळ्या फाइली एका पातळीला आणतो. आपणहून तो ८९ डेसिबल धरतो, तेच राहू द्या. तो गाणं नव्याने दाबत नाही, फाइलीतला आवाजाचा आकडा फक्त दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी हलवतो, म्हणून दर्जा तिळभर कमी होत नाही. या जुन्या तबकड्या मुळात एकपदरी आहेत, त्यांना मोनो ९६ केबीपीएस भरपूर झालं. आणि प्लेयरमधला इक्वलायझर 'नॉर्मल'वरच असू द्या. 'रॉक'वर ठेवलेलं नाट्यगीत ऐकणं हा गायकावर अन्याय आहे.

लांब ध्वनिमुद्रणाबद्दल एक पेच. दोन तासांची अखंड फाइल ठेवली तर मधली जागा शोधायला बटण दाबून धरून हात दुखतो. फार तुकडे केले तर जोडावर बारीक खंड पडतो, कारण एमपीथ्रीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटतेच आणि स्वस्त प्लेयर ती गाळत नाही. ऐन द्रुत गजरात तो खंड ठेच लागल्यासारखा येतो. पंचवीस-तीस मिनिटांचे तुकडे, आणि कापायचं ते अभंग संपल्यावर, संवादिनी पुढचा सूर धरण्याआधी.

तालमीसाठी

ए-बी रिपीट असा चालतो: गाणं सुरू असताना रिपीटमधून ए-बी निवडा, ओळ सुरू होण्याच्या किंचित आधी बटण दाबलं की 'ए' लागतो, ओळ संपून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावर दाबलं की 'बी'. मग तेवढाच तुकडा फिरत राहतो. 'बी' समेच्या आधी लावलात तर तालाचं आवर्तन तुटतं आणि चुकीचा ठेका कानात बसतो, म्हणून एक मात्रा जास्त गेली तरी चालेल. काही प्लेयरांत वेग कमी करायची सोयही असते. ती वापरून सूर उतरतो का ते आधी संवादिनीवर तपासा. उतरत असेल तर ती सोय सरावाला निकामी. ऑडॅसिटीत 'चेंज टेम्पो'ने वेग वीस टक्क्यांनी कमी करून वेगळी फाइल भरावी, सूर जागेवर राहतो.

आतला माइक बैठक टिपायला बरा म्हणायचा एवढंच. पखवाजाशेजारी ठेवला तर प्रत्येक थापेला आवाज फाटतो. आठ-दहा फूट दूर, गायकाच्या बाजूला ठेवला तर चाल आठवण्यापुरतं काम होतं.

इयरफोन आणि रेडिओ

१६ ते ३२ ओहमचे साधे इयरफोन घ्या. स्टुडिओतले २५० ओहमचे हेडफोन या डबीला ओढवत नाहीत, आवाज पूर्ण चढवूनही लांबून आल्यासारखा येतो. मोबाइलचे माइकवाले इयरफोन लावल्यावर कधी एक गंमत होते: गायकच गायब होतो, मागची वाद्यं तेवढी विहिरीतून आल्यासारखी ऐकू येतात. प्लेयर बिघडलेला नसतो. माइकवाल्या पिनेला चार कडी असतात, प्लेयरचा जॅक तिघांचा. जमिनीची (ग्राउंडची) जोडणी नीट बसली नाही की दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज एकमेकांना खातो, आणि गायक नेमका मध्यभागी असतो. पीन केसभर बाहेर ओढून पाहा, नाहीतर बिनमाइकचे घ्या.

रेडिओला एरियल म्हणून इयरफोनची वायरच लागते. पणजीचं आकाशवाणी एफएम रेनबो १०५.४वर. स्टेशनं सापडतच नसतील तर सेटिंगमध्ये प्रदेश 'जपान' लागला आहे का बघा. तिथला पट्टा ७६पासून सुरू होतो आणि आपल्याकडची वरची स्टेशनं त्याच्या बाहेर पडतात. डोंगराच्या सावलीतल्या गावात खरखर येणारच, तिथे 'स्टीरिओ' बंद करून 'मोनो' केलं की ती बरीच कमी होते. मध्यम लहरी हा प्लेयर पकडत नाही.

चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या मांडणीखाली) मंद शहनाई लावायची तर ३.५ मिलिमीटरची ऑक्स वायर ॲम्प्लिफायरला जोडा. प्लेयरचा आवाज पाऊण ते ऐंशी टक्के ठेवून बाकीचं ॲम्प्लिफायरवर घ्या; पूर्ण चढवला तर आवाज फाटतो, अगदी कमी ठेवला तर हिस्स वाढतो. जोडलेला असताना प्लेयर चार्जिंगला लावू नका. दोन्हीकडची जमीन एक होऊन घूंऽऽ असा घोर लागतो. लोक स्पीकर बदलतात, घोर जात नाही. चार्जर काढला की जातो.

बॅटरी आणि पावसाळा

नव्या सी-टाइप प्लेयरांची एक नेहमीची खोड: दोन्हीकडे सी असलेल्या वायरीने ते चार्जच होत नाहीत. चार्जरला 'मी आहे' म्हणून सांगणारे दोन बारीक रोधक कंपनीने वाचवलेले असतात. एका बाजूला जुनी चपटी पीन असलेली वायर आणि साधा पाच व्होल्टचा चार्जर वापरा, चालतो.

इवल्याशा बॅटरीला उपाशी ठेवू नका. पूर्ण संपवून कपाटात टाकलेला प्लेयर सहा महिन्यांनी उघडला तर बहुधा मेलेला किंवा पोट फुगलेला निघतो. पोट फुगलं, पडदा वर उचलला गेला, तर पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही. न वापरताना निम्मा चार्ज ठेवायचा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा भरायचा.

जून ते सप्टेंबर झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा; पुडी रंग बदलणारी असेल तर उत्तम, वाळवायची वेळ कळते. समुद्रकाठच्या घरात जॅकच्या आत हिरवट थर धरतो आणि आवाज एका कानात येईनासा होतो. प्लेयर बंद करून इयरफोनच्या पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावावा, दहा-बारा वेळा आत-बाहेर करावं, अर्धा तास वाळू द्यावं. खोबरेल तेल नको, त्यावर धूळ बसते. भिजलाच तर लगेच बटण दाबून 'चालतो का' बघायचा मोह आवरा, आधी कार्ड काढा, मग दोन दिवस पंख्याखाली. तांदळाच्या डब्यात पुरला तर पीठ जॅकमध्ये जातं, ते काढायला पुन्हा तोच अल्कोहोल.